हें सुणें कोणाचें?

लग्न होऊन गोव्यातल्या पेडण्यात आले, तेव्हा या घरात मी ऐकलेलं पहिलं भांडण कुत्र्यावरून झालं होतं. शेजारणीनं उन्हात घातलेले खारे बांगडे एका तांबड्या कुत्र्यानं पळवले. ती कुंपणाशी उभी राहून साऱ्या वाड्याला ऐकू जाईल असं विचारत होती, "हें सुणें कोणाचें?" आमच्या सासूबाई विळीवर नारळ खवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमचें न्हय." त्याच संध्याकाळी त्यांनी उरलेली पेज आणि बांगड्यांची डोकी करवंटीत कालवून मागच्या दारी ठेवली आणि तेच तांबडं कुत्रं येऊन खाऊन गेलं. मी नवी सून, शिवाय डिचोलीची. गप्प बसले.

पुढं कळलं की सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या. ते कुत्रं आमच्याकडे 'मोती' होतं, बांगडेवाल्या शेजारणीकडे 'टायगर' आणि चढावरच्या ख्रिस्ती घरात 'जॉनी'. सकाळचं खाणं एकीकडे, दुपारची झोप दुसरीकडे, रात्रीचं भुंकणं साऱ्या वाड्यासाठी. गुन्हा घडला की ते कुणाचंच नसायचं आणि भूक लागली की तिघांचंही असायचं. त्याला पट्टा नव्हता, वाढदिवस नव्हता. मेलं तेव्हा मात्र तिन्ही घरांतले पुरुष फावडं घेऊन माडाखाली गेले होते.

हे लिहिताना मला उगाच जुन्या दिवसांचे गोडवे गायचे नाहीत. मोतीच्या काळात पावसाळ्यात गटारात पिल्लं मरून पडलेली असायची आणि त्याकडे बघून कुणी थांबत नसे. कुत्र्यांना विष घालायला माणसं यायची, तेही मी डिचोलीला लहानपणी पाहिलं आहे. आणि पिसाळलेल्या कुत्र्याची भीती तर वेगळीच. आमच्या आळीतल्या एका मुलाला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. आम्ही मुलं त्याचं पोट बघायला जायचो. ती जुनी लस देशात २००५ साली बंद झाली. आता दंडात घ्यायची सुई असते, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. मला एकदा घ्यावी लागली, म्हणून तारखा पाठ आहेत.

गोव्यानं या एका बाबतीत खरोखरच काही करून दाखवलं. 'मिशन रेबीज' ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून गेल्या दशकात गावोगाव लसीकरण सुरू केलं. मोठाली जाळी घेतलेली पोरं वाड्यावाड्यांत शिरतात, कुत्रं पकडतात, टोचतात, डोक्यावर रंगाची रेघ ओढतात आणि सोडून देतात. दहातल्या सात कुत्र्यांना लस पोचली की रोगाची साखळी तुटते, असा त्यामागचा साधा हिशेब. २०२१ साली गोवा 'रेबीज-नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. पुढच्या वर्षी 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या निबंधात कुत्र्यांमधल्या रेबीजच्या दरमहाच्या घटना ९२ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. मोती-टायगर-जॉनी ज्या रोगाच्या छायेत जगला, तो रोग वाड्यावरून जवळजवळ उठला. पण तोवर वाड्यावरची कुत्रीच बदलली होती.

माझी एक वर्गमैत्रीण डिचोलीत राहते. तिचं नाव इथं लिहायचं नाही, हे तिनंच बजावलं आहे. नाव छापून आलं की आणखी फोन येतात. शाळेच्या कार्यालयात नोकरी करते, आणि उरलेल्या वेळात लोकांनी नको झालेली जातिवंत कुत्री सांभाळते. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, एकदा एक सेंट बर्नार्ड, ज्याला बघून तिची आई म्हणाली होती की गोठ्यात बांध, माणसांत नको.

तिच्याकडे पहिलं कुत्रं आलं २०१२ मध्ये. त्या वर्षी गोव्यातल्या खाणी बंद पडल्या. डिचोलीत त्याचा अर्थ काय होता हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. ज्या दारांत रात्रंदिवस ट्रक लागायचे, त्या दारांत ते महिनोन्‌महिने चाकं खचून उभे राहिले. ट्रकाच्या पैशावर जे आलं होतं ते एकेक करून गेलं. आधी दुसरी गाडी, मग दागिने. अंगणात लोखंडी साखळीला बांधलेला अल्सेशियन या यादीत फार वर नव्हता, पण होता. तो रोज पाव किलो मटण खायचा म्हणे. हप्ते थकलेल्या घरात ते कुणाला परवडणार? एका ओळखीच्या माणसानं तिला विचारलं, "चार दिवस ठेवतेस? काम सुरू झालं की नेतो." काम सुरू झालं, २०१८ मध्ये पुन्हा बंद पडलं. अल्सेशियन तिच्याच गोठ्यात म्हातारा होऊन मेला. त्या माणसाबद्दल तिच्या मनात राग नाही. म्हणते, "तो निदान तोंडावर येऊन बोलला."

कारण आता कुणी तोंडावर येत नाही. आता फोन येतो. तिचा फोन एकदा मी अर्धा तास हातात घेऊन बसले होते, तिला आंघोळ तरी नीट करता यावी म्हणून. तेवढ्यात चार निरोप. एकाची बंगळुरूला बदली झाली होती. एकीला बाळ झालं होतं आणि डॉक्टरांनी म्हणे कुत्रं नको सांगितलं होतं. तिसऱ्यानं नुसता फोटो पाठवला होता, खाली 'हस्की, मेल, ३ वर्षे, अर्जंट', जुनी मोटरसायकल विकावी तसा. चौथा निरोप जरा लांब होता, त्यातलं शेवटचं वाक्य असं: "दोन दिवसांत नेलं नाहीत तर सोडून देणार, मग आम्हाला बोलू नका."

'सोडून देणार.' या क्रियापदाशी मी बराच वेळ अडखळले. आपण गाय चरायला सोडतो, उपास सोडतो, देवाच्या नावानं वळू सोडतो. सोडण्यात बांधलेल्याला मोकळं करण्याचा भास आहे, थोडंसं पुण्यही आहे. नवऱ्यानं बायको सोडली तर मात्र गावातल्या बायका तिला 'टाकलेली' म्हणायच्या, त्यांना शब्द बरोबर सुचत असे. कुत्र्याच्या बाबतीत मी आजवर कुणाच्या तोंडून 'टाकला' ऐकलेलं नाही. सगळे सोडतात. मोपाच्या सड्यावर सोडतात, मयेच्या तळ्याकडे सोडतात, कुणी दोडामार्गच्या बाजूला हद्दीपार सोडतात, म्हणजे राज्यही बदललं.

कायदा या बाबतीत सासूबाईंइतकाच निवांत आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या खेपेस दंड दहा ते पन्नास रुपये. साठ सालचे पन्नास म्हणजे काहीतरी असतील. आज डिचोलीच्या बाजारात पन्नास रुपये पुढं केले तर मासळीवाली बांगड्यांच्या वाट्यावरची माशीसुद्धा उठवणार नाही. पैदाशीसाठी २०१७ चे नियम आहेत. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. मोबाईलवर फोटो टाकून जी पिल्लं विकली जातात, त्यांच्या वयाचे आठवडे कोण मोजतं?

पेडण्याकडे या गोष्टीला आणखी एक तऱ्हा आहे. मोरजी, मांद्रे, हरमल ही किनाऱ्याची गावं हंगामावर चालतात. पाऊस सरला की शॅक उभे राहतात, मे संपता संपता मोडून ठेवतात. हंगामात शॅकभोवतीची कुत्री तळलेल्या माशांवर पोसतात, परदेशी पाहुणे त्यांना नावं देतात, पोटाशी घेऊन झोपतात. जूनमध्ये त्याच वाळूवर पाऊस असतो आणि ती कुत्री असतात. उपाशी कुत्रं काय खाणार? मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. कुत्री ती उकरतात, म्हणून वनखात्याला घरट्यांभोवती जाळी लावून राखण बसवावी लागते. कासवाच्या माणसांनी कुत्र्यांवर चिडायचं, कुत्र्यांच्या माणसांनी कासवाच्या माणसांवर. ज्यानं सहा महिने लाड केले तो केव्हाच विमानात बसलेला. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून तर ते विमान आमच्या डोक्यावरूनच जातं.

आणि त्या विमानतळामागोमाग आले ते बंगले, आणि बंगल्यांमागोमाग हस्की. मे महिन्यात सकाळी साताला आपल्या पाठीवर घामाचे ओघळ असतात, अशा हवेत बर्फातल्या त्या दुहेरी लोकरीच्या जनावराला सिमेंटच्या गच्चीत ठेवायचं. माझा या गोष्टीवर विनाकारण संताप होतो. विनाकारण अशासाठी, की आमच्याही घरात कधीकाळी पॉमेरियन आणायचा घाट माझ्या मुलांनी घातला होता आणि मी तो मोडला तो भूतदयेपोटी मुळीच नव्हे. फरशीवरचे केस कोण झाडणार, हा माझा प्रश्न होता.

मोती हा तिघांचा होता, म्हणून एक घर मुंबईला गेलं तरी त्याची दोन घरं उरली. जातिवंत कुत्रं विकत घेतलेलं असतं, एकाच्या नावाचं. तो माणूस गेला की त्याला उरत कुणीच नाही. वाड्याला ते ओळखीचं नसतं, त्याला पेज आवडत नाही, रस्ता कसा ओलांडायचा हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मग आख्ख्या वाड्यानं जे वाटून घेतलं असतं ते एका बाईच्या फोनवर येऊन पडतं. पेडणे-डिचोली धरून अशा किती बाया असतील? मला माहीत असलेल्या पाच. पुरुष एक, तोही लग्नानंतर कमी झाला.

दोन वर्षांपूर्वी मोपाच्या चढावर एक पिवळी लॅब्राडोर मादी बसलेली दिसते, असा मैत्रिणीला फोन आला. ती डिचोलीत, मी पेडण्यात. म्हणून मी गेले. रस्त्याच्या कडेला ती व्यवस्थित बसली होती, रांगेत उभं राहावं तशी, येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मान वळवत. पांढरी गाडी आली की उठायची. गाडी न थांबता गेली की पुन्हा बसायची. तिथं खाली तिच्या बसण्यानं गवत चेपून गोल खळगा झाला होता. माझ्या गाडीत बसायला मात्र तयार होईना. शेवटी पावाच्या लोभानं आली.

संध्याकाळी मैत्रीण अस्नोडा-म्हापसा-कोलवाळ करत स्कूटरवरून आली, पिशवीत चिमटा घेऊन. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. कान उलटा केला तर आतली कातडी दिसेना. गोचीड गोचिडीला लागून, डाळिंब सोलून ठेवावं तसं. मीठ घातलेल्या पाण्याच्या वाटीत एकेक टाकत गेलो. शंभरच्या पुढं मोजणं बंद केलं. चिमटा कातडीशी सरळ धरायचा आणि सावकाश ओढायचा, पिळायचा नाही, नाहीतर तोंड आतच राहतं. हे ती मला असं शिकवत होती, जशी माझी आई पापडाची लाटी शिकवायची. कुत्री हूं की चूं न करता माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकून होती. गळ्याभोवती पट्ट्याची केस झिजलेली खूण होती, पट्टा नव्हता. जाताना तेवढा आठवणीनं काढून घेतला होता. आचळं लोंबलेली. मैत्रिणीनं बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, "पाच-सहा वेळा तरी व्यायली असणार. आता पिल्लं होत नसतील." दात बघून वय नऊच्या घरात ठरवलं. रक्तात गोचीडताप निघाला, अठ्ठावीस दिवस गोळ्या. पुढच्याच महिन्यात गर्भाशयात पू झाला, ऑपरेशन. वेळीच गर्भाशय काढलं असतं तर हे झालंच नसतं, पण मग पिल्लं कशी विकता आली असती?

बिल मैत्रिणीनं दिलं. म्हणजे उधारीत लिहिलं. तिच्या नावावर डॉक्टरकडे जुनी उधारी असते, पगार झाला की थोडी फेडते, तोवर नवी चढते. या बायांच्या कामाबद्दल लोक बोलतात तेव्हा 'आवड' म्हणतात. "त्यांना आवड आहे हो कुत्र्यांची." मला ती आवड काही दिसली नाही. मला दिसलं ते असं, की दर चवथीला तिच्या घरी बाकीचे आरतीला उभे राहतात आणि ही फटाक्यांना घाबरलेल्या तीन कुत्र्यांसह मागच्या खोलीत दार लावून बसते. नरकासुराच्या रात्री तर डिचोलीत ढोल-स्पीकरांनी भिंती हलतात. बुजून पळालेली कुत्री शोधत ती पहाटेपर्यंत फिरते, आणि नरकासुर जळून लोक अभ्यंगस्नानाला घरी परततात तेव्हा ही चिखलातल्या चपला धुवत असते. चावा तिला इतक्यांदा झाला आहे की आता तिला दोनच सुया पुरतात, शून्य आणि तिसऱ्या दिवशीची.

एका चवथीला तिनं ठरवून पाच दिवस फोन बंद ठेवला. सहाव्या दिवशी सकाळी फाटकाशी खोकं होतं. आत पाच पिल्लं, डोळे न उघडलेली, पाचही माद्या, नर तेवढे वाटून झालेले असणार. आणि त्यांच्या शेजारी दुधाची एक पिशवी. न फोडलेली. या पिशवीबद्दल ती मला तीनदा तरी बोलली आहे. खोकं ठेवणारा वाईट माणूस नव्हता, तो दूध विकत घेऊन आला होता. तीन पिल्लं त्या दुपारपर्यंत गेली.

उरलेल्या दोघी असोत की दुसरं कुठलं कुत्रं, घर मिळवून देताना ती मुलीच्या बापानं स्थळाची करावी तशी चौकशी करते. घर स्वतःचं की भाड्याचं, गच्चीला कठडा आहे का, चवथीला गावी जाल तेव्हा काय, रात्री कुठं झोपवणार. लोक दुखावतात. "फुकट कुत्रं न्यायला एवढे प्रश्न?" विकत घेताना एकही प्रश्न विचारला गेला नव्हता, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये केंद्रानं तेवीस जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं, पुढं ते न्यायालयांत अडलं. त्याच ऑगस्टमध्ये हणजूणला सात वर्षांचं मूल पिटबुलच्या हल्ल्यात गेलं. त्या घरापुढं कुठलाच युक्तिवाद टिकत नाही आणि मी करणारही नाही. पुढच्या वर्षी गोव्यात हिंस्र जातींसाठी कायद्याचं विधेयक आलं. मैत्रिणीच्या फोनवर याचा अनुवाद लगेच झाला: 'रॉटवायलर, २ वर्षे, घरात मुलं आहेत, आजच्या आज.' २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांना निवाऱ्यात ठेवा म्हटलं, अकरा दिवसांनी तो आदेश बदलला. त्या अकरा दिवसांत तिला एका गृहस्थानं फोन करून विचारलं, आमच्या कॉलनीतली कुत्री न्यायला तुमची गाडी कधी येते? तिच्याकडे स्कूटर आहे.

गुरुवारी आम्ही कधीकधी साखळीच्या दत्तमंदिरात जातो. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, ते चार वेद असं आजी सांगायची. लोक बाहेरच्या कुत्र्यांना बिस्किटं घालतात, हात जोडतात, गाडीत बसतात. मैत्रिणीला ओळखणारं कुणी भेटलं की हमखास म्हणतं, "तुम्ही केवढं पुण्य करता." एकदा ती म्हणाली, "अर्धं तुम्ही घ्या. एक जर्मन शेफर्ड आहे." ते गृहस्थ हसले आणि चपला शोधू लागले.

धर्मराज आणि त्याच्यामागून हिमालय चढलेलं कुत्रं सगळ्यांना ठाऊक असतं, कुत्र्यावरच्या भाषणात त्याचा फोटो असतोच. मला त्याच महाभारताच्या सुरुवातीची सरमा ही कुत्री जास्त आठवते. जनमेजयाच्या यज्ञात तिचं पोर गेलं, त्यानं काही चाटलं नव्हतं, कशाकडे बघितलंही नव्हतं, तरी राजाच्या भावांनी त्याला मारलं. आई जाब विचारायला आली. माझ्या पोराचं काय चुकलं? तिला कुणीच उत्तर दिलं नाही. शाप नंतरचा, आधी ती शांतता. फोनवर 'अर्जंट' लिहिणारी माणसं कुत्रं नेऊन दिल्यावर अशीच गप्प होतात. मैत्रीण त्यांना पहिले काही दिवस फोटो पाठवते, कुत्रं जेवलं, कुत्रं बरं आहे. निळ्या खुणा येतात, बाकी काही नाही.

पिवळी लॅब्राडोर 'चार दिवसांसाठी' आमच्याकडे राहिली ती राहिलीच. नऊ वर्षांची मादी कोण नेणार? मी तिला सोनी म्हणते. सासूबाई 'तें' म्हणतात. शेजारची मुलं तिला 'पदेराचें सुणें' म्हणतात, कारण पहाटे पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की ती सगळ्यांच्या आधी फाटकात असते आणि अर्धी पोय मिळाल्याखेरीज त्याला पुढं जाऊ देत नाही. दुपारी ती बांगडेवाल्या शेजारणीच्या ओसरीवर झोपते. त्या घरी तिला काय नाव आहे, मी विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात लसवाली पोरं आली. एकानं मोबाईल काढून विचारलं, "मालकाचं नाव?" मी तोंड उघडायच्या आत पडवीतून सासूबाईंचा आवाज आला, "वाड्याचें." आता त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत. पोरगा माझ्याकडे बघू लागला. त्याच्या मोबाईलमध्ये वाड्याची सोय नव्हती. मी माझं नाव सांगितलं. त्यानं ते चुकीचं लिहिलं, मीही दुरुस्त केलं नाही. टोचून झालं, कपाळावर रंगाची रेघ आली, सोनी अंग झाडून फाटकाबाहेर गेली. पोरांची गाडी पांढरी होती. सोनी गाडीच्या मागच्या दाराशी जाऊन नीट बसली, शेपूट मातीवर आपटत, दाराकडे बघत.

"शिकवलेली दिसते," तो पोरगा म्हणाला.